वीस तासांचे दोन दिवस

बुधवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझा भाऊ दवाखान्यात वारला. नऊ वाजता आम्ही दवाखाना फोडला. बिलाच्या काउंटरवर बसलेल्या मुलीचा डोळा गेला. मी तिथे होतो.

एवढे लिहायला मला दोन वर्षे लागली. मी वाचनालयात नोकरी केली. लोकांना पुस्तके दिली, परत घेतली, फाटलेली पाने चिकटवली, पण स्वतःचे म्हणून एक पान कधी लिहिले नव्हते. आता लिहितो आहे ते सावकाश. घाई केली की वाक्य चांगले दिसावे म्हणून मी त्यात काहीतरी घालतो, आणि या साऱ्या प्रकरणात तेच नडले.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात खाली तो, वहिनी आणि त्यांचा मुलगा राहत, वर मी एकटा. त्याने म्हशी पाळल्या, दूध घातले आणि संध्याकाळी तालमीत पोरांना कुस्ती शिकवली. पोरे त्याला वस्ताद म्हणत आणि त्याचा मार खात. त्याचा हात जड होता. डाव चुकला की पाठीत धपका बसे आणि पोरगे दोन पावले पुढे जाऊन पडे. मला त्याने आयुष्यात एकदाच मारले. मी दहा वर्षांचा होतो. तालमीच्या हौद्यात कुस्तीला उतरणार नाही म्हणालो, तेव्हा त्याने मला कमरेला धरून लाल मातीत फेकले आणि माझ्या गळ्याजवळचे हाड मोडले. ते जुळेपर्यंत महिनाभर तो रोज माझ्या उशाशी बसला. शेवटी म्हणाला, "तू वाच. मारामारीचं मी बघतो." ही वाटणी आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाळली.

त्यातूनच पेठेत एक रीत पडली. कोणाच्या घरी नोटीस आली, बँकेचे पत्र आले, जमिनीचा कागद आला, की तो माझ्याकडे यायचा. मी मास्तर नव्हतो, पण सगळे मला मास्तर म्हणत. दारातल्या कट्ट्यावर बसून मी कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचो. लोक तंबाखू मळत ऐकायचे, किंवा ऐकायचे नाहीत. वाचून झाले की कोणीतरी म्हणायचे, "ते ऱ्हाऊ दे मास्तर. एका वाक्यात सांगा, काय म्हणतोय त्यो?" मग मी एका वाक्यात सांगायचो. तेवढे वाक्य घेऊन ते उठायचे. जमीन विकायची की ठेवायची, भावाला कोर्टात खेचायचे की नाही, हे त्या वाक्यावर ठरायचे. मला ते वाक्य करायला आवडायचे. कागदाची तीन पाने चिमटीत बसतील एवढी करायची, हे माझे एकमेव कसब होते.

त्या मंगळवारी भाऊ गोठ्यात पडला. डोके गव्हाणीच्या दगडावर आपटले. पण ते कारण नव्हते, ते पडल्यावर झाले. पुतण्याने आणि मी त्याला दुधाच्या टेम्पोत घातले. कॅन उतरवायला वेळ नव्हता. वळणावर कॅन त्याच्या अंगावर येत होते आणि पुतण्या पायाने ते मागे लोटत होता. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. ही वेळ मला पाठ आहे, कारण पुढे ती चार कागदांवर लिहिली गेली.

दाराच्या काचेतून मी पाहिले. एक तरुण डॉक्टर स्टुलावर चढून भावाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होता. सगळे वजन टाकून, दात आवळून. भावाचे पाय पलंगावर नाचत होते. एकदा कडकन आवाज झाला. बरगडी होती. पुतण्या माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मारायलेत त्येला, काका." मी म्हणालो, "वाचवताहेत." दोन्ही खरे होते. भावाचे काळीज पुन्हा सुरू झाले, त्याला यंत्रावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा झाले. तसेच स्टूल, तसेच हात, डॉक्टर दुसरा. या वेळी ते चाळीस मिनिटे चालले आणि मग डॉक्टर खाली उतरला.

भावाचा आरोग्य विमा मी काढला होता. दर वर्षी फॉर्म मीच भरायचो आणि तो फक्त सही करायचा. सही करताना हसायचा. "मराया सुद्धा फॉर्म भरून जायाचं व्हय रं?" मी म्हणायचो, "दवाखान्यात पडलास तर कळेल." वीस वर्षांत तो एकदाही पडला नव्हता.

पेठेत माणूस गेला की पेठ येते. बोलवावे लागत नाही. आठ वाजेपर्यंत दवाखान्याच्या आवारात तालमीची पोरे, दूधवाले, शेजारी असे साठ-सत्तर जण जमले होते. कोणी बांबू आणायला गेले, कोणी वहिनीला धरून बसले. पुतण्याच्या खांद्यावर प्रत्येक जण हात ठेवून जात होता आणि तो प्रत्येक हाताखाली आणखी ताठ होत होता. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि पोलीस भरतीची तयारी करत होता. धावण्यात पास झाला होता, लेखी व्हायची होती.

साडेआठ-पावणेनऊला मला बिलाच्या काउंटरवर बोलावले. अर्थात मला. कागद होता.

काचेच्या पलीकडे एक मुलगी बसली होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एसीच्या गारव्यामुळे अंगात जांभळा स्वेटर. काचेला खाली अर्धगोल भोक होते. त्यातून तिने कागद सरकवला आणि वाकून त्या भोकाशी तोंड आणत म्हणाली, "काका, हे आत्तापर्यंतचं आहे, फायनल नाही. आधी वाचून घ्या, मग मी समजावते."

ती माझ्याकडे बघून बोलत होती. माझ्यामागे पुतण्या होता, त्याच्यामागे तालमीची पोरे, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"मास्तर, काय लिवलंय?" मागून कोणीतरी विचारले.

मी वाचू लागलो. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून, जसा कट्ट्यावर वाचायचो तसा. आजही मला याचे आश्चर्य वाटते. वर भाऊ चादरीत गुंडाळलेला होता आणि मी खाली सलाइनच्या बाटल्या मोजून वाचत होतो. पलंगाच्या भाड्यावर आलो. अतिदक्षता विभाग, दिवस दोन.

"दोन?" पुतण्या म्हणाला. "काल अकराला आणलाय की."

"दुपारी बारा वाजता दिवस बदलतो," ती म्हणाली. "बाराच्या आधी आले तर तो एक दिवस धरतात. बारानंतर दुसरा."

"म्हंजे चाळीस मिन्टाचा एक दिवस?"

"बोर्डावर लिहिलंय, दादा." तिने बोटाने भिंतीकडे दाखवले. तिथे काचेच्या चौकटीत एक फलक होता. कोणी तिकडे पाहिले नाही. मीही नाही.

"आणि विमा?" मी विचारले.

"कंपनीला चोवीस तास लागतात, काका. चोवीस तास ॲडमिट नसेल तर ते ॲडमिशनच धरत नाहीत. यांचे वीस झालेत. त्यामुळे सकाळी नकार आला आहे. पण पेशंट जर..."

"पण" हा शब्द मी ऐकला. त्याच्या पुढचे ऐकले नाही, कारण मी वळलो होतो. मागे सगळे थांबले होते. ते कशाची वाट पाहत होते हे मला माहीत होते. एका वाक्यात सांगायचे होते.

मी म्हणालो, "घ्यायचं असेल तेव्हा दोन दिवस, आणि द्यायचं असेल तेव्हा एकही नाही."

ते तोंडातून बाहेर पडताना मला आवडले. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, पोलिसांनाही नाही. भावाला जाऊन दोन तास झाले नव्हते आणि मला माझे वाक्य आवडले.

"काय म्हणाला मास्तर?"

"दोन दिवसाचं घेत्यात आणि एक दिवसाचंबी देत न्हाईत!"

"कुणाचं?"

"वस्तादाचं की लेका, आणि कुणाचं!"

ते मागे मागे गेले. दारापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले दिवस गळाले होते. आवारातून कोणीतरी ओरडले, "पैसं भरल्याबगर बॉडी देत न्हाईत म्हणं!" आणि ते ओरडणे परत आत आले. हे त्या मुलीने म्हटले नव्हते. कोणीच म्हटले नव्हते. पण परत येताना ते तिच्या तोंडचे झाले होते.

दाराशी एक सुरक्षारक्षक होता, निवृत्त सैनिक, मिशा पिकलेला. तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "पावणं, जरा दमानं घ्या की. दुःखात हाय तुमी, मला कळतंय." पहिला तडाखा त्याला बसला. ज्याने मारले तो त्याला ओळखत होता, दोघे एकाच टपरीवर चहा प्यायचे. रक्षक भिंतीला टेकून खाली घसरला आणि त्याची टोपी लोकांच्या पायांत आली.

मग तीन-तीन जोडलेल्या लोखंडी खुर्च्या उचलल्या गेल्या. एक बाक भिंतीवरच्या टीव्हीत घुसला. औषधाच्या दुकानाचा फ्रिज पालथा झाला, त्यातल्या इवल्या बाटल्या फरशीवर घरंगळल्या आणि पायाखाली फुटत राहिल्या. बाळंतीण होऊन घरी निघालेली एक बाई बाळ छातीशी धरून पुढे जावे की मागे हे न कळून जागच्या जागी गोल फिरत होती. एका पोराने जिन्यावरून येणाऱ्या डॉक्टरला कॉलरला धरून खाली ओढले. तोच डॉक्टर होता, पहिल्या दिवशीचा, ज्याने भावाला एकदा परत आणले होते. त्याचे डोके कठड्यावर आपटले. "म्हातारीला मधनं काढा रं!" असेही कोणी ओरडत होते, आणि खुर्ची फेकणाऱ्याने थांबून एका आजीला हाताला धरून बाजूला नेले व पुन्हा येऊन खुर्ची उचलली.

पुतण्याने भिंतीवरचे आग विझवायचे लाल नळकांडे काढले. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्याचा दंड धरू शकलो असतो. दंड त्याच्या बापासारखा होता. त्याने नळकांडे डोक्यावर नेले आणि काचेत घातले.

काच एकदम पडली नाही. आधी पांढरी झाली, मग आत कोसळली. मुलगी ओरडली नाही. तिने डाव्या डोळ्याखाली तळहात धरला, छपराची गळती झेलावी तसा, आणि तो भरत गेला. उजव्या डोळ्याने ती समोर बघत होती. समोर मी होतो.

आणि मग मी काय केले, ते. मी तिच्या मदतीला गेलो नाही. काउंटरवर कागद दाबून ठेवायचा पितळी ठोकळा होता, तो माझ्या हातात आला, आणि मी भिंतीवरचा तो फलक फोडला. चार-पाच वेळा मारले. चौकट तुटून खाली पडली तरी मी वाकून मारत होतो. मी त्याआधी कोणतीही वस्तू मुद्दाम फोडली नव्हती. हात थांबत नव्हता. त्यात सुख होते, हेही लिहून ठेवतो.

सगळे मिळून सात-आठ मिनिटे चालले असेल. पोलीस आले, लाठ्या बसल्या, माझ्या गुडघ्यावर एक बसली. आवारात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले की सगळी पेठ खाली आहे आणि वर भाऊ एकटा आहे.

दुपारी पोलीस बंदोबस्तात त्याला नेले. पुतण्याला अग्नी द्यायला पोलिसांच्या गाडीतून स्मशानात आणले. त्याच्या हाताला काचेने कापले होते आणि त्याच हाताने त्याने खांद्यावर मडके धरले होते. फेरे झाल्यावर हवालदाराने त्याला दंडाला धरून परत गाडीत बसवले. वहिनी त्या गाडीच्या मागे धावली. चितेकडे तिची पाठ होती.

चार दिवसांनी वकील घरी आले. ते म्हणाले, दवाखान्यातल्या मारहाणीचा कायदा कडक आहे, पण चिथावणी होती असे आले तर फरक पडेल. त्या बाई काय म्हणाल्या? खोलीत सात-आठ जण होते. एक म्हणाला, "पैसं भरा, मगच बॉडी न्या, म्हणाली." दुसऱ्याने मान डोलावली. वकिलांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही अगदी समोर होता. शिकलेले आहात. तुमच्या जबाबाला वजन आहे." वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "भावजी, पोरगं आत हाय."

जबाब लिहून आला. मी तो वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. पुतण्याला जामीन मिळाला.

दोन महिन्यांनी, नाकारलेल्या विम्यासाठी पुन्हा अर्ज करून बघावा म्हणून, मूळ कागद घ्यायला मी एकटा त्या दवाखान्यात गेलो. काच नव्हती, लोखंडी जाळी होती. आत एक पुरुष बसला होता. मी भावाचे नाव सांगितल्यावर त्याने जाळीपासून खुर्ची मागे घेतली. कागद शोधायला तो आत गेला तेव्हा मी भिंतीवरचा नवा फलक वाचला. पहिल्यांदाच वाचला. मोठी अक्षरे होती, मराठीत. खाटेचा दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा. आधीचा अर्धवट दिवस पूर्ण धरला जाईल. लॉजला असते तसेच, यात लपवलेले काही नव्हते. चालू बिल आणि अंतिम बिल वेगळे असते. चालू बिलात जास्तीचे धरलेले असते आणि अंतिम बिलात ते वजा होते, हेही होते. खाली एक ओळ होती: मुक्काम चोवीस तासांहून कमी असल्यास विम्याबाबत काउंटरवर विचारावे.

तो परत आला तेव्हा मी विचारले, "चोवीस तासांच्या आत माणूस गेला, तर विमा मिळतच नाही का?"

"मिळतो की. डेथ असेल तर कंपनीकडं खास विनंती करायची असते. घरच्यांची एक सही लागते." त्याने कागद चाळले. "यात मॅडमनी साडेआठलाच मेल टाकलावता. फक्त सही राहिलीवती. आणि बेडचा पहिला दिवस कमी करा म्हणून वर नोट बी दिलीवती. चाळीस मिनिटं होती न्हवं."

"पण" च्या पुढचे ते हे होते.

"त्या मॅडम कुठे आहेत?"

"काढलं की त्यांना. बॉडी अडवली म्हणून." त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "जबाब तुमच्याच लोकांचं हाईत. एक तर सगळ्यात समोरच्या माणसाचा हाय."

केसच्या कागदांवर तिचे गाव होते, शाहूवाडी तालुक्यातले. मलकापूरला एसटीतून उतरून पुढे वडापच्या, माणसे कोंबून नेणाऱ्या जीपने गेलो. भाताची मळणी झाली होती, अंगणात भात वाळत होते आणि ती पायाने ते परतत होती. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मला तिने उजव्या डोळ्याने लगेच ओळखले. पाय थांबवला नाही.

आतून तिची आई आली. कोण, काय, न विचारता म्हणाली, "पावणं आल्यात, पाणी तरी दे गं."

"तू दे. मी देत न्हाय."

काउंटरवर ती शुद्ध बोलत होती. घरी आमच्यासारखीच, आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात तशी बोलत होती. मी भाताच्या कडेला उभा राहिलो. काय बोलायचे ते जीपमध्ये ठरवले होते, ते सगळे निरुपयोगी होते. म्हणालो, "मी पूर्ण ऐकायला हवं होतं."

"तुमी शिकल्यालं दिसत हुतासा," ती म्हणाली. "म्हणून मी तुमच्याकडं बघून बोलत हुतो. म्हटलं ह्या माणसाला समजंल, ह्यो बाकीच्यास्नी समजावंल."

आई पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला आता कळले होते मी कोण ते.

"एक विचारू?" मुलगी म्हणाली. "पैसं भरा मग बॉडी न्या, असं मी म्हणालो का?"

"नाही."

"मग लिवून द्या. डोळा जाऊ दे, त्यो काय तुमी देणार न्हाईसा. पण कुठंबी नोकरीला गेलो की इचारतात, त्या दवाखान्यातनं का काढलं? मी सांगतो आणि ती लोकं माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात. बॉडी अडवणारी ती हीच, असं. आई, तांब्या आत ने. ह्येनी लिवून दिल्याव पाणी देऊ."

परत येताना मी जीपमध्ये माणसांत दाबून बसलो होतो आणि मला भावाची फार आठवण येत होती. मारामारीचे तो बघणार होता. हे मला एकट्याला बघायचे होते, आणि ज्याच्याविरुद्ध बघायचे तो त्याचाच मुलगा होता.

वहिनीला मी आधी सांगितले. लपवून करायचे नव्हते. ती भाकरी थापत होती. तिने परातीतले हात काढले नाहीत. "ती पोरगी तुमची कोण लागती?" तिने विचारले.

"कोणी नाही."

"आणि ह्यो आपला पोरगा?"

मी म्हणालो, "वहिनी, ती तसं म्हणाली नव्हती. माझ्या बोलण्यावरून सुरू झालं."

पुतण्या मागच्या दारातून आला. त्याने सगळे ऐकले असावे. लेखी परीक्षा होऊन गेली होती, केसमुळे तो तिला बसला नव्हता. वकिलांनी त्याला सांगितले होते की जबाब टिकले तर पुढच्या वर्षी काही करता येईल. त्याने माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि मला भिंतीवर आदळले. फडताळातली भांडी खाली आली. "तुमीच पेटवलासा!" तो म्हणत होता. "तुमीच पेटवलासा आणि आता तुमीच शाणं हुतासा!" दुसऱ्यांदा आदळले तेव्हा माझे डोके खिळ्यावर गेले. तिसऱ्यांदा तो थांबला. थांबला तो माझ्यामुळे नाही, वहिनीमुळेही नाही. ती परातीजवळून उठली नव्हती. तो एकाएकी रडायला लागला, बाप गेल्यापासून पहिल्यांदा, माझा शर्ट हातात तसाच धरून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्याने तो झटकला आणि माझ्या तोंडात मारली. दात हलला. रक्त परातीच्या कडेवर उडाले आणि वहिनीने ते पीठ बाजूला काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र केले. चार वाक्यांचे. काउंटरवरील महिलेने मृतदेह अडवला नाही. तसे शब्द तिने उच्चारले नाहीत. ती मदतीची माहिती सांगत असताना मी ती पूर्ण ऐकली नाही आणि लोकांना चिथावणारे वाक्य बोललो. फलक मी फोडला. एक प्रत पोलिसांना, एक दवाखान्याला दिली, एक तिला रजिस्टरने पाठवली. टायपिस्ट म्हणाला, "साहेब, शेवटची दोन कशाला घालतासा? अडकाल की." मी म्हणालो, घाला.

त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या खिडकीवर तीनदा दगड आले. तिसरा आत आला आणि अंथरुणावर पडला. तालमीतला एक जण बोळात समोरून आला आणि माझ्या पायाशी थुंकला. भाऊ असता तर त्याने त्याचा जबडा मोडला असता. किंवा माझा.

दवाखान्याने मुलीला पत्र दिले, तिची चूक नव्हती असे. कामावर परत घेतले नाही. ते पत्र दाखवून तिला दुसरीकडे नोकरी लागली, असे त्या जाळीमागच्या माणसाने मला सांगितले. तिने मला काही कळवले नाही. विम्याचे मंजूर झाले, ते वहिनीच्या खात्यावर गेले. पहिला दिवस अंतिम बिलातून कमी झाला होता.

मला आरोपी करण्यात आले आहे. माझा क्रमांक नववा, पुतण्याचा पहिला. भरतीचे वय त्याचे गेल्या वर्षी संपले. म्हशी आता तोच बघतो.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. कोर्टात पुतण्या आणि मी एकाच बाकावर बसतो. वहिनी खाली राहते, मी वर राहतो. ती माझ्याशी बोलत नाही.